विमानतळ मोठा होतो म्हणजे काय होतं?



सांगलीच्या सातवीतल्या एका वाचकाचं पत्र समोर आहे. तो लिहितो, ‘मुंबईला आता दोन मोठे विमानतळ झाले. एक असताना दुसरा कशाला? आणि आमच्या सांगलीला एकसुद्धा का नाही?’ पत्र चार ओळींचं, पण प्रश्न दोन आणि दोन्ही दांडगे! आपण आधी मुंबईचा प्रश्न घेऊ. त्याचं उत्तर मिळालं, की सांगली-साताऱ्याचं उत्तर शोधायला सोपं जाईल.

जुहूचा चिखल

मुंबई म्हणजे आपल्या राज्याची राजधानी. तिथं विमानं पहिल्यांदा उतरू लागली ती जुहूला, समुद्राच्या अगदी जवळ. १९२८ साली तिथं विमानतळ सुरू झाला. विमानतळ कसला, एक मोकळं मैदानच ते! १५ ऑक्टोबर १९३२ या दिवशी जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून निघाले, वाटेत अहमदाबादला उतरून त्यांनी इंधन भरलं आणि दुपारी जुहूला उतरले. विमानाचं नाव ‘पस मॉथ’. इवलंसं, एका इंजिनाचं. टाटांच्या नियमित हवाई टपालवाहतुकीची ही सुरुवात.

पण पावसाळा आला की जुहूच्या मैदानाचा चिखल व्हायचा. चिखलात विमान कसं उतरणार? मग टाटांची मंडळी पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्याला हलवायची. म्हणजे मुंबईची विमानं पावसाळ्यात घाट चढून वर यायची, बरं का!

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझला हवाई दलासाठी पक्क्या धावपट्ट्या झाल्या. युद्ध संपल्यावर त्या प्रवासी विमानांना मिळाल्या. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला गेलं. एअर इंडियाचा लंडनचा तो पहिला प्रवास. पुढे १९६० मध्ये जेट विमानं आली, १९७१ मध्ये अगडबंब जंबो जेट आलं. प्रवासी वाढले, सामान वाढलं, म्हणून पलीकडे सहारला परदेशी विमानांसाठी वेगळी इमारत उभी राहिली. १९९९ साली या विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव दिलं गेलं.

धावपट्टी एवढी लांब का?

आता जरा विज्ञान. विमान जागच्या जागी उडत नाही. ते जमिनीवर पळत जातं, पळता पळता वेग घेतं आणि पंखांवरून पुरेशी हवा वेगानं वाहू लागली की उचललं जातं. मोठ्या जेट विमानाला त्यासाठी ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे वेग लागतो. म्हणजे आपल्या एसटीच्या तिप्पट! विमान जितकं जड, तितका वेग जास्त आणि पळायला जागाही जास्त. शिवाय पळता पळता काही बिघाड दिसला, तर वैमानिकाला उड्डाण रद्द करून थांबता आलं पाहिजे. थांबायलाही जागा हवीच की.

मुंबईची मोठी धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे. शाळेच्या मैदानावर तुम्ही शंभर मीटरची शर्यत पळता ना? तशा पस्तीस शर्यती एकापुढे एक मांडा, म्हणजे अंदाज येईल. दुसरी धावपट्टी तीन किलोमीटरपेक्षा थोडी कमी आहे.

धावपट्ट्यांना नावं नसतात, आकडे असतात. मुंबईच्या मोठ्या धावपट्टीच्या एका टोकाला ०९ लिहिलंय आणि दुसऱ्या टोकाला २७. याचा अर्थ काय? होकायंत्र आठवा. उत्तर म्हणजे शून्य अंश, पूर्व ९० अंश, दक्षिण १८० आणि पश्चिम २७० अंश. अंशांतलं शेवटचं शून्य काढून टाकलं की उरले ०९ आणि २७. म्हणजे ही धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. दुसरीचे आकडे १४ आणि ३२. ती कोणत्या दिशेला असेल? काढा बघू!

दिशा एवढी महत्त्वाची का? कारण विमानाला वाऱ्याकडे तोंड करून उडायला आणि उतरायला आवडतं. समोरून वारा आला की पंखांना आयताच आधार मिळतो. पावसाळ्यात मुंबईला वारा येतो पश्चिमेकडून, समुद्रावरून. तेव्हा विमानं पश्चिमेकडे तोंड करून उडतात.

चौकात अडकलेली विमानं

आता खरी अडचण ऐका. मुंबईत धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. आपल्या गावात दोन रस्ते चौकात छेदतात ना, तशाच. चौकात एका बाजूच्या गाड्या चालू असल्या की दुसऱ्या बाजूच्या थांबतात. म्हणून या दोन धावपट्ट्यांवर एकाच वेळी मनमोकळेपणानं विमानं सोडता येत नाहीत. कागदावर दोन, पण कामाला बहुतेक वेळा एकच!

तरीही डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात इथं विमानांच्या चढ-उतारांचा आकडा हजाराच्या वर गेला. वही-पेन्सिल घ्या. चोवीस तासांचे सेकंद होतात ८६,४००. त्यांना हजारानं भागा. उत्तर येतं सुमारे ८६ सेकंद. म्हणजे दर दीड मिनिटाच्या आत एक विमान उतरतं किंवा उडतं, आणि तेही अहोरात्र! खाली मनोऱ्यात बसलेल्या नियंत्रकांना तेवढ्या वेळात उतरलेलं विमान बाजूला काढायचं, उडणाऱ्याला वाट द्यायची आणि वर घिरट्या घालणाऱ्याला ‘थोडं थांब’ म्हणायचं, असं सगळं करावं लागतं.

आणि देखभाल? विमान टेकतं तेव्हा चाकं स्थिर असतात आणि जमिनीला लागताच एकदम गरगर फिरू लागतात. त्या घर्षणानं टायरचं रबर धावपट्टीवर चिकटतं. पावसात त्या थरावरून विमान घसरू शकतं. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर धावपट्ट्या काही तास बंद ठेवून ते रबर खरवडून काढतात, दिवे तपासतात, भेगा बुजवतात. तेवढे तास मुंबईचं आकाश रिकामं असतं.

इमारत वाढली, वाट तेवढीच

‘मग तिसरी धावपट्टी बांधायची, त्यात काय!’ असं तुम्ही म्हणाल. पण कुठं बांधणार? विमानतळ झाला तेव्हा भोवती मोकळं रान, शेती, खाजणं होती. नंतर शहर चालत चालत त्याच्या कुंपणापर्यंत आलं. आज कुंपणाला लागून इमारती आहेत, रस्ते आहेत आणि विमानतळाच्याच जमिनीवर हजारो कुटुंबांच्या झोपड्या आहेत. कामासाठी गावाकडून आलेली ही माणसं. त्यांत आपल्या जावळी-पाटणकडचं, जत-आटपाडीकडचं कुणी असलं तर नवल नाही.

मिठी नदीचं तर विचारूच नका. विमानतळाच्या वाटेत ती येते म्हणून तिला वळवलंय आणि धावपट्टीच्या खालून नेलंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. सांगली शहरात वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस एका दिवसात! अंग चोरून वाहणारी मिठी फुगली, वस्त्यांमध्ये शिरली आणि विमानतळही बंद पडला. कृष्णेचा पूर पाहिलेल्या सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. नदीची जागा घेतली, की ती कधी ना कधी परत मागते.

२००६ साली विमानतळ चालवायचं काम खासगी कंपनीकडे गेलं आणि नव्या इमारतीचा बेत ठरला. जुनी इमारत पाडून नवी बांधावी, तर प्रवाशांनी जायचं कुठं? म्हणून नव्या इमारतीचा आकार इंग्रजी एक्स अक्षरासारखा आखला. जुन्या इमारतीचं काम चालूच राहिलं आणि नवी तिच्या भोवतीनं टप्प्याटप्प्यानं उभी राहत गेली. १० जानेवारी २०१४ ला तिचं उद्घाटन झालं. छताला मोरपिसाची नक्षी आहे आणि आत देशभरातल्या हजारो कलावस्तू मांडल्या आहेत. पाहत राहावी अशी इमारत!

पण गंमत बघा, घराला मजले चढले तरी दारापुढचा रस्ता रुंदावला का? नाही. अलीकडे या विमानतळावरून वर्षाला साडेपाच कोटींच्या आसपास प्रवासी ये-जा करतात. माणसं बसवायला जागा वाढवता आली, विमानं पळवायला मात्र वाढवता आली नाही. म्हणून दुसरी जागा शोधावी लागली.

डोंगर गेला, नदी वळली

ती जागा म्हणजे पनवेलजवळचं उलवे. दुसऱ्या विमानतळाची चर्चा १९९० च्या दशकातली. भूमिपूजन झालं १८ फेब्रुवारी २०१८ ला, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. पहिली चर्चा झाली तेव्हा जे तुमच्याएवढे होते, ते आता आई-बाबा झालेत! पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवासी आणि सगळे टप्पे पूर्ण झाल्यावर नऊ कोटी, अशी या विमानतळाची आखणी आहे. जागा सुमारे ११६० हेक्टर. आणि इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना समांतर असतील, म्हणजे चौकाची भानगडच नाही.

जागा मात्र सपाट नव्हती. मधोमध नव्वद मीटरांच्या आसपास उंचीची टेकडी होती. सुरुंग लावून ती फोडली आणि तिचाच दगड दलदलीच्या भागात भरून जमीन उंच केली. उलवे नदी विमानतळाच्या आड येत होती, तिचा प्रवाह वळवला. खारफुटीची झाडंही गेली आणि त्यांच्या बदल्यात दुसरीकडे लागवड करायचं ठरलं.

आणि गावं? चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, उलवे अशी दहा गावं तिथं नांदत होती. तीन हजारांवर कुटुंबं. बहुतेक आगरी-कोळी. कुणाची भातशेती, कुणाची खाडीतली मासेमारी. त्यांची घरं, देवळं, शाळा, सारं काही तिथून उठलं. नव्या वसाहतींपैकी एकीचं नाव आहे पुष्पकनगर. पुष्पक विमानावरून ठेवलेलं! नाव सुरेख आहे, पण खाडीत जाळं टाकणाऱ्याला नव्या गल्लीत खाडी कुठून मिळणार?

या मंडळींना मोबदला म्हणून विकसित जमिनीतला साडेबावीस टक्के वाटा द्यायचं ठरलं. तो कुणी सहजासहजी दिला असं समजू नका. त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. नवी मुंबई वसवताना या भागातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा मोबदला अगदी तुटपुंजा होता. त्याविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई परिसरात मोठं आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. आंदोलनाचे नेते होते दि. बा. पाटील. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं आणि पुढे विमानतळाच्या वेळी तो वाटा वाढला. नव्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं, असा ठराव राज्याच्या विधिमंडळानं २०२२ साली केला, तो यासाठीच.

आपल्याला हे नवं नाही

सातारकरांना ही गोष्ट कुठंतरी ऐकल्यासारखी वाटली असेल. वाटणारच! कोयना धरण झालं तेव्हा कोयनेच्या खोऱ्यातली गावंच्या गावं उठली. काही लोक सांगली-सोलापूरकडे गेले, काही घाटाखाली रायगड-ठाण्याकडे. धरणाची वीज कारखान्यांना मिळाली, मुंबईला मिळाली. पण धरणासाठी गाव सोडलेल्यांपैकी काहींना साठ वर्षं उलटल्यावरही जमिनीसाठी आंदोलनाला बसावं लागलं. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत अशा घरातलं कुणी ना कुणी असेल. त्यांच्या आजी-आजोबांना विचारा, ते पुस्तकापेक्षा जास्त सांगतील.

आणखी एक धागा आहे. कराडची धावपट्टीसुद्धा कोयना प्रकल्पासाठीच १९५० च्या दशकात तयार झाली. ती आखूड आहे, लहान विमानांपुरती. ती वाढवायचं अनेकदा ठरलं. पण भोवतीची वारुंजी, मुंढे या बाजूची जमीन बागायती आहे. उसाची, भाजीपाल्याची. ती द्यायला शेतकऱ्यांनी विरोध केला. सांगलीजवळ कवलापूरलाही जुनी धावपट्टी आहे. तिथं पूर्वी विमानं उतरत, पुढे ती बंद पडली. तिथं विमानतळ व्हावा म्हणून सांगलीकर बरीच वर्षं मागणी करताहेत. तिकडे कोल्हापूरच्या उजळाईवाडीला मात्र संस्थानच्या काळात सुरू झालेला विमानतळ पुन्हा वाढवून मार्च २०२४ मध्ये त्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. सांगलीहून तो फार लांब नाही.

मग सांगलीला विमानतळ हवा की नको? हवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. विटा, खानापूर, आटपाडीची गलाई व्यवसायातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरलेली आहेत. सणाला, लग्नाला, कुणी आजारी पडलं तर गावी यायला त्यांना दोन-दोन दिवस रेल्वेत काढावे लागतात. उद्योग आणायचे तर येणाऱ्यांना लवकर पोचायची सोय लागते. या गोष्टी खऱ्या आहेत.

पण शेतकऱ्याचं म्हणणंही खोटं नाही. पिढ्यान् पिढ्या पाणी घालून, खत घालून केलेली काळी जमीन एकदा काँक्रीटखाली गेली की पुन्हा शेत होत नाही. घराजवळून विमान उडेल, पण त्यात बसणार कोण, असं तो विचारतो. तासगावची निर्यातीची द्राक्षंसुद्धा बहुतेक न्हावा-शेवा बंदरातून जहाजानं जातात, कारण विमानाचं भाडं परवडत नाही.

म्हणून विमानतळाची बातमी वाचली, की ‘वा!’ म्हणण्याआधी किंवा ‘नको!’ म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. जमीन किती लागणार आणि ती पडीक आहे की पिकती? तिथली माणसं कुठं जाणार आणि त्यांना काय मिळणार, तेही कधी? आणि रोज त्यातून प्रवास करणारे किती असणार? या तिन्हींची उत्तरं कामाला हात लावण्याआधी मिळाली, तर विमानही उडेल आणि कुणाला साठ वर्षं वाटही बघावी लागणार नाही. घाई करून उत्तरं मागे टाकली की काय होतं, ते कोयनेनं आणि उरणनं आपल्याला दाखवलंय.

आता तुमची पाळी

या आठवड्यात एवढं करा.

एक : घरातलं किंवा शाळेतलं होकायंत्र घ्या. तुमच्या घरापुढचा रस्ता धावपट्टी आहे असं समजा. त्याच्या दोन टोकांना कोणते आकडे लिहाल? (ताळा करा. दोन आकड्यांमधला फरक नेहमी १८ यायला हवा. का, ते शोधा!)

दोन : साडेतीन किलोमीटर लांबीचा सरळ पट्टा तुमच्या गावात कुठं बसेल? गावाचा नकाशा काढा आणि पट्टी ठेवून बघा. पट्टीखाली कुणाचं शेत, कुणाची विहीर, कुणाचं घर येतंय ते लिहा.

तीन : धरण, रस्ता, कारखाना यांपैकी कशासाठी तरी जमीन दिलेलं कुणी ओळखीचं असेल, तर आई-बाबांना बरोबर घेऊन त्यांना भेटा. जमीन देताना काय सांगितलं होतं आणि नंतर काय मिळालं, ते विचारा. मध्ये बोलू नका, फक्त ऐका.

पालकांनो, दुसरा आणि तिसरा उद्योग मुलांबरोबर तुम्हीही करा. कराड आणि कवलापूरबद्दल घरात मतं वेगळी निघाली तर उत्तमच. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय जेवायला उठायचं नाही!

नकाशे आणि उत्तरं मला पाठवा. आणि हो, १४ आणि ३२ ची दिशा सांगायला विसरू नका.